नळाच्या मानेवरचा बुडबुडा

टाकीच्या पाण्यात मी नळ बुडवला आणि मोजू लागले. आमच्या कारखान्याचा नियम दहापर्यंतचा. नळाची तोंडं बुचांनी बंद करायची, पोटात हवा भरायची, पाण्याखाली धरायचं. दहा आकड्यांत बुडबुडा आला नाही तर नळ पुढं जातो, चकाकीचा मुलामा चढवायला. मी मोजत राहिले. चौदाला एक बुडबुडा निघाला, मोहरीएवढा, नि मानेला बिलगून बसला.

"दहा कधीच झाले," पाठीमागून ऑरिन म्हणाला. ऑरिन पॉलिशच्या चाकावरचा. माझ्या धाकट्या बहिणीचा, लेनोराचा नवरा. "माझा नळ आला की तुझे आकडे लांबतात, व्हर्ना."

"नळ गळका असला की लांबतात."

"या आठवड्यात माझ्या नावावरचा तिसरा गळका हा! तिसऱ्याला चाक सुटतं, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. चाक सुटलं की ओतशाळेत पितळ ओतायला जायचं, आणि तिथल्या वाळूनं त्याची छाती आधीच पोखरलेली. लेनोरा मुकादमाच्या दारात रडली, तेव्हा कुठं त्याला हे चाक मिळालं. घर आमचं एकच, मधोमध भिंत. ईरी सरोवरावरून वारा सुटला की भिंतीपलीकडचा त्याचा खोकला माझ्या चुलीपर्यंत यायचा.

मी मानेवरून अंगठा फिरवला. सगळं लोण्यासारखं, नि मधेच कणीएवढी चपटी जागा.

"इथं हातोडी मारलीस. भोक दाबून बुजवलंस, वरून चाक फिरवलंस."

"अंगठ्याला डोळे फुटले वाटतं बाईसाहेबांच्या!"

मुकादम दुदेक येऊन उभा राहिला. "भांडणं घरी करा. भिंतीला कान लावून बसता येतं तिथं."

"हिला माझं वाईटच बघायचंय. लग्नाच्या दिवसापासून."

"लग्नाला तू तासभर उशिरा आलास," मी म्हणाले, "तोही झिंगून."

"कापून बघा नळ!" ऑरिन ओरडला. "आत धड निघाला तर हिला टाकीवरून उठवा."

"उठवा," मी म्हणाले.

करवतीखाली पितळ किंचाळलं. दोन फाका झाल्या, पिवळ्याधमक, ऊन ऊन. एका बाजूची भिंत बोटाएवढी जाड, दुसरी अंड्याच्या टरफलासारखी. वितळलेलं पितळ ओतताना आत पाण्याची वाट राहावी, म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात. तो गाभा कलला होता. पातळ बाजूला सुईच्या टोकाएवढं भोक, नि भोकावर हातोडीनं ओढलेली पितळेची साय.

"ही ओतशाळेची चूक," दुदेक म्हणाला. "परत पाठवला असतास तर तुझ्या नावावर लागलाच नसता. हातोडी कशाला उचललीस, मूर्खा?"

ऑरिनचा चेहरा उतरला. मग तो माझ्याकडं वळला. "आणि हिनं मानलं असतं? आधीचे दोन कुणाच्या नावावर टाकले?"

"ते तू जास्त घासून पातळ केलेस. हा तुझा नव्हता. तसंच लिहिलं असतं मी."

"लिहिलं असतंस म्हणे!"

"भोकाला माफी आहे, हातोडीला नाही," दुदेक म्हणाला. "कुणाच्या तरी घरात हा वर्षभर झिरपत राहिला असता. सोमवारपासून वाळूत जा."

एवढं बोलून तो माझ्याकडं बघत थांबला. मी एक शब्द टाकला असता तर त्यानं ऐकलं असतं. तेवढ्यासाठीच थांबला होता तो. मी ओले हात एप्रनला पुसले. उजवा, मग डावा.

"बरं," दुदेक म्हणाला नि गेला.

ऑरिननं चाकावर बसताना लावायचा कारखान्याचा जाड चष्मा काढला. "रविवारी जेवायला येऊ नकोस."

"लेनोराला खरं काय ते सांग."

"तूच सांग. बहीण आहेस ना? भिंत ठोक नि सांग."

त्यानं चष्मा माझ्या टाकीत भिरकावला आणि तो निघून गेला. चष्मा डुलत डुलत तळाशी जाऊन बसला. सोमवारी चाकावर दुसरा कुणीतरी येणार, त्याला तो लागणार. बाही वर सारून मी हात खांद्यापर्यंत त्या गारठ्यात घातला.