एक दशांशाची बाटली

नव्या मॅडमनी जाता जाता सांगितलं, "बाई, उद्या मुलांना पीएच खरोखर मोजायला लावणार आहे."

"खरोखर म्हणजे?" लॅबच्या बाईंनी विचारलं.

"म्हणजे मीटरवर."

कॉलेजच्या या लॅबमध्ये मुलं पीएच गेल्या वर्षीच्या मुलांच्या वहीतून मोजत, आणि ती मुलं त्याआधीच्यांच्या. आकडे पिढीजात होते, म्हणून बिनचूक होते. त्या बिनचूकपणाच्या आडोशाने बाईंनी दहा वर्षं एक गोष्ट निभावून नेली होती.

गोष्ट म्हणजे लिटरची एक बाटली. आत आम्ल, तीव्रता ०.१. बाईंच्या यजमानांनी बनवलेलं ते शेवटचं द्रावण. बनवलं, चिठ्ठीवर हिरव्या शाईत आकडा घातला, खाली तारीख घातली, आणि समोरच्या स्टुलावर बसल्या बसल्या ते गेले. हिरवं पेन खिशातच राहून त्यांच्याबरोबर गेलं. त्यांच्या जागेवर नोकरी बाईंना मिळाली. बाटलीही.

ती संपवायचा बाईंना धीर होईना, आणि वापरल्याशिवाय भागेना. मग अर्धी झाली की त्या ती पाण्याने भरत. वर्षातून दोनदा. प्रेमापोटी, असं कुणी म्हणालं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. खरी होती ती भीती. या माणसाने जिवंतपणी बायकोचं एकही काम केलं तसं राहू दिलं नव्हतं. तिने घडी घातलेला टॉवेल ते पुन्हा घडी घालत. तिने बंद केलेला नळ मागून येऊन आवळत. बोलत मात्र काही नसत. बोलले असते तर निदान भांडता आलं असतं.

पाणी घालून काय होतं, हे बाईंना पाठ होतं. द्रावण दहापट पातळ केलं की पीएच एकाने चढतो. शंभरपट केलं, तर दोनाने. आम्ल सहजी हार मानत नाही. पण वीस वेळा निम्मं म्हणजे झालं दहा लाखपट. एकवर सुरू झालेला आकडा आता सातच्या उंबरठ्यावर असणार, म्हणजे निव्वळ पाणी. उद्या ते मीटरवर दिसलं की मॅडम विचारणार, आणि नोकरी जाणार. नवं करावं, तर आम्लाच्या कपाटाची किल्ली स्टोअरकीपरकडे, आणि स्टोअरकीपर सोमवारपर्यंत रजेवर.

बघून तरी घ्यावं, म्हणून त्यांनी बीकरमध्ये थोडं ओतून मीटरचा दांडा बुडवला.

१.०.

त्यांनी दांडा धुतला. चारच्या आणि सातच्या ठरावीक द्रावणांत मीटर तपासला. चारला चार, सातला सात. पुन्हा बाटलीतलं घेतलं. १.०.

मग त्यांनी चिठ्ठी पाहिली. आकडा तोच. खालची तारीख आजची होती. हात लावला तर शाई बोटाला आली.

दुपारचे तीन वाजले होते आणि व्हरांड्यात मुलं खिदळत होती. भुताखेताला शोभेल अशी ही वेळ नव्हती. पण यजमान पहिल्यापासून ऑफिसच्या वेळेतच काम करणारे.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल झालं. मॅडम खूश.

"बाई, अगदी नेमकं एक आलं. कुणी केलंय हे?"

"आमच्या यांनी."

"अरे वा. तेही इथेच असतात?"

"हो," बाई म्हणाल्या. "असतात."

मुलं गेली तेव्हा बाटली अर्धी उरली होती. सवयीने त्यांनी पाण्याचा कॅन उचलला आणि खाली ठेवला. पाण्याने हा माणूस जायचा नाही. कितीही पातळ केलं तरी आम्ल सातच्या पलीकडे काही जात नाही. त्याला संपवायचं तर त्याच्या तोडीचं, उलट स्वभावाचं कुणी लागतं. त्यांनी रॅकवरून स्वतः केलेल्या द्रावणाची बाटली काढली. कॉस्टिक सोडा, म्हणजे अल्क, ०.१. निळी शाई, अक्षर तिरकं.

पाचशे मिली आम्लात त्या कॉस्टिक मोजून ओतू लागल्या. शंभर मिली झालं, आकडा ढिम्म. दोनशे. चारशे ओतलं तरी तो दोनच्या अलीकडेच. पाचशेला पाचशे मिळालं, हिशेबाने सात यायला हवं होतं. मीटर चारवर अडला. बाईंनी थेंब थेंब आणखी सोडलं. एक मिली होता होता आकडा एकाएकी उठला: पाच, सहा, ७.०.

गेलेही ते असेच. ढिम्म बसून, आणि एकाएकी.

बाईंनी सगळं सिंकमध्ये ओतलं, नळाखाली बाटली विसळली, नखाने चिठ्ठी खरवडून काढली. दहा वर्षांनी खांदे सैल झाल्यासारखे वाटले. कॉस्टिकची बाटली जागेवर ठेवताना त्यांचं स्वतःच्या चिठ्ठीकडे लक्ष गेलं. निळ्या ०.१ वर एक बारीक, सरळ रेघ मारलेली होती. खाली हिरव्या शाईत: ०.०९९८.

तो एक मिली जास्त का लागला, ते त्यांना कळलं.

लग्नानंतर पहिल्यांदाच त्या उलटून बोलल्या. "अहो, एवढंसं तरी माझं राहू द्या की."

मागे सिंकचा नळ टपटपत होता. त्या वळायच्या आत थांबला.