शिवेवरचा वाघोबा मतदानाला जातो

मी एक जुना वाघोबा आहे. दचकू नका, मित्रांनो, मी चावत नाही. मी सागाच्या लाकडाचा, कमरेइतका उंच. अंगावर वर चांद-सूर्य कोरलेत, खाली वाघ. मला कोरणाऱ्या कान्हानं खरा वाघ कधी धड पाहिला नव्हता, म्हणून माझा वाघ जरासा बोक्यासारखा दिसतो. पण हे मोठ्यानं म्हणायचं नाही. देव आहे मी, मला राग येतो.

मोखाडा तालुक्याच्या अगदी टोकाला आमचा पाडा आहे. तीन बाजूंना कडा आणि बाहेर पडायला एकच वाट. त्या वाटेच्या तोंडाशी मला पुरलंय. गुरं, माणसं, नवरी, मयत, सगळं माझ्यासमोरून जातं. दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला मला शेंदूर लागतो, नारळ मिळतो. पाड्याची शीव राखायची आणि वाघाला आत येऊ द्यायचं नाही, हे माझं काम. ते मी चोख केलं. एकदा बिबट्या आला, पण तो मागच्या कड्यावरून आला. त्याला मी काय करणार!

पुरलं तेव्हा मला एवढी एकच शीव ठाऊक होती. पुढं कळलं की माझ्यासमोरच्या ओढ्याशी आणखी एक शीव आहे, दिल्लीवाल्यांची. आमचा लोकसभेचा मतदारसंघ तिथं संपतो. पलीकडे नाशिकचा मुलूख, त्यांचा खासदार वेगळा. त्या शिवेवर ना देव, ना दगड, ना कुंपण. आमच्या गाई पलीकडे चरून येतात आणि त्यांना पत्ताही नसतो. मला ती शीव डांबरामुळे कळली. पलीकडून एक काळाकुळकुळीत रस्ता आला आणि ओढ्याच्या काठाशी थांबला. "पुढं आपली हद्द नाय," असं म्हणून मुकादम रोलर घेऊन मागं फिरला. मी बघतच राहिलो. रस्ता असा मध्येच संपतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आमच्या मतदारसंघाला आधी डहाणू म्हणत. डहाणूला समुद्र आहे म्हणे. पाड्यातल्या निम्म्या लोकांनी तो बघितला नव्हता, तरी मत द्यायचं ते डहाणूला. मग कुणीतरी कागदावर रेघा नव्यानं आखल्या आणि नाव झालं पालघर. पुढं ठाणे जिल्हा तुटला, तेव्हा जिल्हाही पालघर झाला. मी होतो तिथंच होतो. मला कुणी विचारलं नाही, त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटलं ते धोंडीचं.

हा धोंडी पाड्यातला साधा माणूस. नव्या नावाच्या पहिल्या निवडणुकीला धुतलेली टोपी घालून तो खालच्या गावच्या शाळेत मत द्यायला गेला. दुपारी परत आला तेव्हा बोटाला शाई नव्हती. यादीत त्याचं नावच सापडलं नव्हतं. माझ्याशेजारी टेकून तो बायकोला म्हणाला, "सुकरे, सरकारच्या लेखी मी मेलोय गं."

"मग जेवाया कशाला येतूस? भुतं जेवतात व्हय?" सुकरी हसून म्हणाली. धोंडी काही हसला नाही.

त्याच वर्षी पावसात त्याला ताप चढला. त्याचा मुलगा गोरख आणि इतर पोरांनी त्याला झोळीत घालून आणलं. ओढ्यापलीकडे डांबरावर जीप उभी होती. मध्ये नुसता चिखल. जीप डोळ्यांना दिसत होती आणि धोंडी माझ्यासमोरच गेला. मित्रांनो, मी वाघ अडवतो. मरण मला अडवता आलं नाही.

तेव्हापासून सुकरीच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: मत दिलं नाही की नाव उडतं आणि जित्या माणसाला मेलेला धरतात. असं नसतं, हे तिला मास्तरांनी सांगितलं, सगळ्यांनी सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! तिनं एकही निवडणूक चुकवली नाही. गोरखच्या डोक्यात मात्र रस्ता बसला. दु:ख एकाच माणसाचं, पण आईनं एक टोक धरलं आणि लेकानं दुसरं.

मागच्या लोकसभेच्या आधी गोरखनं सगळा पाडा माझ्यापाशी जमवला. नारळ फोडला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रस्ता नाय, तर मत नाय! मतदानाच्या दिशी वाघोबाच्या पुढं कुणी पाऊल टाकायचं नाय. टाकील त्याचं घर वाळीत." एकेका बापयानं माझ्यावर हात ठेवून आण घेतली. बायांनी मला शिवायचं नाही अशी पाड्याची रीत, म्हणून बायांची आणही बापयांनीच घेऊन टाकली. म्हातारा भगत ढवळू म्हणाला, "आण मोडली तर वाघ गोठ्यात शिरंल." सुकरी मागं उभी होती. ती गप्प बसली की मला धडकी भरते.

मतदानाच्या दिवशी सकाळपासून सगळे माझ्याभोवती बसले. ऊन चढलं, कललं. गोरख सारखा पाड्याकडे बघत होता. आणि आलीच ती! ठेवणीतलं लुगडं, पदराच्या गाठीत मतदानाचं कार्ड. सगळे उठून उभे राहिले.

"आये, मागं जा," गोरख म्हणाला.

"मी मत देनार."

"तू पाऊल टाकलंस तर तुला वाळीत टाकाया लागंल. मलाच टाकाया लागंल. का माझी अशी परीक्षा बघतंस?"

"तुझा बा मेल्याआधी कागदावर मेला," सुकरी म्हणाली. "मला तसं मरायचं नाय."

वाळीत म्हणजे काय, ठाऊक आहे ना? विहिरीवर पाणी नाही, लग्नाला बोलावणं नाही, मयताला खांदा नाही. मला वाटलं, आता हिनं पाऊल उचललं तर हा पोरगा उभा फुटेल.

सुकरी माझ्यासमोर आली आणि थांबली. "आण काय घेतलीस? वाघोबाच्या पुढं जायाचं नाय. मग उपट त्याला. तू देवाला घेऊन पुढं चाल, मी मागनं येते. मी कुठं त्याच्या पुढं जाते?"

सगळे ढवळू भगताकडे बघायला लागले. त्यानं डोकं खाजवलं. "आं... तसं गेलं तर आण मोडत नाय," तो पुटपुटला.

गोरखनं घरून पहार मागवली. मग खाली बसला आणि पहारीनं माझ्या बुडाची माती उकरू लागला. अहो, मी कधी जागचा हललो नव्हतो! मला खांद्यावर घेऊन तो घाट उतरू लागला. मागं सुकरी, तिच्या मागं सगळा पाडा. मला गरगरत होतं, पण देवानं तसं सांगायचं नसतं.

शाळेपुढं चुन्याची पांढरी रेघ मारली होती. तिथं पोलिसानं काठी आडवी धरली. "हे काय? देवबिव आत न्यायचा नाही. आणि आटपा, सहाला दार बंद."

झालं! मी रेघेच्या अलीकडे, मतदानाची खोली पलीकडे. सुकरी मला सोडून पुढं गेली असती तर आण मोडली असती. ती रेघेशी येऊन थांबली. डोळ्यांत पाणी होतं, पण पाऊल काही टाकेना. देवाची आण तिलाही होतीच की! शाळेचा शिपाई दाराशी येऊन घड्याळ बघू लागला.

आण ज्यानं घातली त्यालाच ती सोडवता येते. मी मनात ओरडत होतो, बोल रे गोरख, बोल! बापाचा रस्ता त्याला सोडवत नव्हता आणि आईचं तोंड बघवत नव्हतं.

"सुटली!" तो एकदम ओरडला. "आण सुटली! समद्यांची सुटली. जा, आये!"

ती धावली हो, त्या वयात! मागोमाग पाडा धावला. गोरख मला धरून एकटाच उभा राहिला.

सुकरी परत आली ती बोट वर धरून. "आता तू जा."

"आन देवाला कोन धरंल? भुईवर टाकू काय?"

"दे हिकडं," म्हणाली आणि रीतभात विसरून तिनं मला दोन्ही हातांनी कवेत घेतलं. ढवळू डोळे वटारून बघत राहिला. गोरख रेघेवर उभा.

"रस्ता मागायला बी जित्तं असाया लागतं," ती म्हणाली. "जा, बाबा."

गोरख आत गेला. त्याच्यामागं दार लागलं.

मित्रांनो, रस्ता अजून ओढ्याशीच थांबलेला आहे. गोरख अर्ज घेऊन जव्हारच्या कचेरीत हेलपाटे घालतो. वाघ गोठ्यात शिरला नाही. मी पुन्हा माझ्या खड्ड्यात उभा आहे. रेघा आखणाऱ्यांनो, खुशाल आखा, नावं बदला. पण रेघेच्या टोकाला घरं असतात, तिथवर एकदा चालत या.

आणि पाड्यातल्या पोरांनो, तुमच्याकडे एकच मागणं. वाघबारसेला मला शेंदूर लावाल, तेव्हा माझ्या चांदाखाली एक काळा ठिपका दिसेल. सुकरीनं मला धरलं, तेव्हा तिच्या बोटाची शाई ओली होती. तेवढा ठिपका झाकू नका.