बावीसची हवा

सायकलचा टायर दगडासारखा असला पाहिजे, असं दौलतरावांचं मत. मालेगावाला लागून त्यांचं वांग्या-मेथीचं रान आहे आणि वीस वर्षं त्यांनी सायकलवर भाजीचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, लादून बाजार गाठला. मऊ टायरवर कट्टा टाकला की रिम वाकते, हे त्यांना जितकं पक्कं ठाऊक, तितकी लग्नाची तारीखही नाही.

त्यांची मुलगी समीक्षा माउंटन बाइक चालवते. शिरपूर जैनच्या अलीकडच्या टेकडीवर रविवारी जिल्ह्याची निवड चाचणी होती, पहिले तीन राज्याला जाणार. तिचं घोडं एका वळणावर अडलेलं. उतार, वर मुरूम. आठवड्यात चारदा पडली.

तयारीत कसूर नव्हती. हवा मोजायचं मीटर फक्त धीरजच्या पंक्चरच्या दुकानात, म्हणून रोज संध्याकाळी ती तिथे. पुढे बावीस पौंड, मागे पंचवीस. मुरमात टायर थोडा बसला तरच पकडतो. मग मेथीच्या जुडीचं रबर पुढच्या शॉकअपच्या नळीवर चढवायचं, सायकलवर बसायचं, हळूच उतरायचं. रबर दोन बोटं सरकलं की स्प्रिंग बरोबर. पण रोज पाहावं तर हवा पंचेचाळीस आणि रबर जेमतेम एक बोट.

"हवा वाढते कशी रे?"

"उनानं फुगते. संध्याकाळी काढत जाय." माहीत नसलेल्या गोष्टीचं उत्तर द्यायला धीरजला कधी वेळ लागत नाही.

"आन् रबर कमी काहून सरकते?"

"तुहं वजन उतरलं असन."

हे आईच्या, कस्तुराबाईंच्या कानी गेलं आणि पोरीच्या भाकरीवर तुपाचा गोळा पडायला लागला. सायकल बरोबर आहे म्हणजे खोट आपल्यातच, आपण भितो, असं समीक्षेनं धरून ठेवलं. जेवताना उठायची, अंगणात फेऱ्या मारायची, ब्रेक दाबून पाहायची. दौलतरावही बसेनात. पोरीचं खरचटलेलं कोपर पाहिलं की चप्पल घालायचे, फाटकापर्यंत जायचे, परत यायचे. एकमेकांना कुणी काही विचारलं नाही.

रविवारी टेकडीखाली पंच रामसिंगांनी प्रत्येक सायकलला मीटर लावलं. समीक्षेपाशी थांबले.

"पोरी, ट्रॅक्टर आनला का? अठ्ठेचाळीस हाय."

"सर, काल संध्याकाळी बावीस केली. रात्री कुठलं ऊन?"

दौलतराव समोरच्या डोंगराकडे पाहायला लागले. एवढ्या मन लावून त्यांनी आजवर डोंगर पाहिला नव्हता.

"बाबा?"

"मले वाटलं हळू पंचर हाय," ते म्हणाले. "रोज पाहाटे दाबून पाहो, तं टायर पिचपिच्या. मंग भरून ठेवो. तू पडत होती ना."

"आन् शॉकअप?"

"ते वाकत होतं. त्याचं बटन दोन आटे आवळलं."

आठ दिवसांची भीती कुणाच्या नावावर टाकायची ते समीक्षेला कळेना. सुटायला सहा मिनिटं होती.

"धरा सायकल."

त्यांनी हँडल धरलं. तिनं बटण दोन आटे सैल केलं, बसली, हळूच उतरली. रबर दोन बोटं सरकलं. मग म्हणाली, "हवा तुमीच काढा."

दौलतरावांनी वॉल्व्ह दाबला. फुस्स झालं की बोट आपोआप उचललं जाई.

"काढा अजून."

"रिम वाकन वो, पोरी!"

"मी कट्टा नोहो, बाबा. सेहेचाळीस किलोची हावो. काढा."

रामसिंगांनी मीटर पाहून पुढे बावीसला आणि मागे पंचवीसला हात वर केला, तेव्हा दौलतरावांच्या कपाळावर घाम होता.

शिटी वाजली. दौलतराव गर्दीत थांबले नाहीत. बोरीच्या काट्यातून आडवे चढत वळणापाशी गेले. पहिल्या फेरीत समीक्षा ब्रेक धरून, अंग चोरून गेली. सहावी होती. दुसरीत ब्रेक उशिरा धरला. मागचं चाक जरा सरकलं, मग मुरमात बसलं. आता चौथी. शेवटच्या, तिसऱ्या फेरीत तिनं वळणाकडे पाहिलंच नाही, पुढच्या मुलीच्या पाठीकडे पाहत आली आणि आतल्या बाजूनं तिला मागे टाकून गेली. दौलतरावांनी ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

शर्यतीत समीक्षा तिसरी आली. दौलतराव खाली पोचले तेव्हा ती मुरमातच आडवी होऊन दम घेत होती.

"राज्याची चाचणी कधी हाय?"

"पुढच्या महिन्यात."

"मंग तवर..." ते टायरकडे वाकले.

"बाबा, हात मांगं!"

त्यांनी हात मागे घेतला, पाठीशी बांधला आणि तसेच सायकलभोवती फिरत राहिले.