शोधकाचा रकाना

“सया, दगडाला तुमचं नाव लागलं म्हणे! अख्खं मोगोक बोलतंय.” चाळणीवाल्या मावशीने मुरवलेल्या चहापानांची पुडी टेबलावर ठेवली. “तोंडात टाका.”

ब्रह्मदेशातल्या या खाणगावात सगळे ज्यांना ‘सया’, म्हणजे गुरुजी, म्हणत, त्या रत्नपरीक्षक ऊ सान ल्विन यांनी भिंगावरून डोळा उचलला नाही. मोजले नाही ते लिहायचे नाही, हा त्यांचा एकतीस वर्षांचा नेम होता.

खाणीने टाकलेली खडी चाळून बायकांना जे सापडेल ते त्यांचे. त्यावर खाणमालकही हक्क सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी मावशीने तो नारिंगी खडा असाच आणला होता. “हा गार्नेट नव्हे, सया. जिभेला निराळाच गार लागतो.”

“जिभेनं खनिजं ओळखायला लागलो तर दुकान बंद करावं लागेल,” असे म्हणून त्यांनी तो स्वस्तातला गार्नेट म्हणूनच ठेवून घेतला. मोजमाप मात्र कोणत्याही ज्ञात खनिजाशी जुळेना. तपासणीसाठी तो परदेशी पाठवताना शोधकाच्या रकान्यात त्यांनी लिहिले: स्वतः, ओढ्याच्या रेतीत. अडाणी बाईच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. तेवढ्या ओळीवर तिकडच्या शास्त्रज्ञांनी खनिजाचे नाव सुचवले: सानल्विनाइट.

“माणसाचं नाव दगडाला का हो देतात?”

“मान म्हणून. कधी ज्याला सापडला त्याचं...” ते भिंग पुसू लागले.

मावशी हसली. “मग माझं कुठंतरी बारीक अक्षरांत असेलच की! आजीनं दगड शोधला असं नातीनं शाळेत सांगितलं, तर पोरी तिला थापाडी म्हणतात. तेवढं दाखवलं की झालं.”

“नाही लिहिलं, मावशी. ओढ्यात मला सापडला, असं लिहिलं.”

मावशीने पुडीचा दोरा सोडून पुन्हा बांधला.

“ओढ्यात?” ती म्हणाली. “असला दगड ओढ्यात कुठला? ती खडी वरच्या खाणीतली, संगमरवराच्या कपारीतली. लोक उगाच ओढे उपसत बसतील, सया. ठिकाण तरी खरं लिहायचं.”

ती उठून गेली.

त्यांनी कोरा कागद ओढला. ‘ठिकाण चुकीचे दिले आहे.’ पुढे कपार, खाण, टाकलेली खडी. सारे नेमके उतरले. ‘शोधक’ या शब्दापाशी लेखणी अडली. एकतीस वर्षे ते तिला मावशीच म्हणत आले होते.

ते अनवाणीच रस्त्यावर धावले. बांबूच्या टोप्या घातलेल्या दहा-बारा बायका चाळण्या घेऊन चढ चढत होत्या. पाठमोऱ्या सगळ्या सारख्याच. कोणत्या नावाने हाक मारावी, हे त्यांना ठाऊक नव्हते.