सावेताच्या हिरव्या फरशा

पाम्फिल घरी यायचा, तेव्हा इलारी मुद्दाम कुत्रं बांधायचा नाही. पण ते मेलं कुत्रंच पाम्फिलला पाहून शेपूट हलवायचं. त्याचाही इलारीला राग.

पाम्फिल आमच्या भागातला, हिवाळ्यात घर ऊबदार ठेवणाऱ्या मातीच्या भट्ट्या बांधणारा. हात चांगला, जीभ त्याहून लांब. टोपीत कोंबड्याचं पीस, मिशीला मेण, आणि कुठल्याही घरात शिरला की आधी आरसा शोधणार. लग्नाआधी एका ईस्टरला सावेता त्याच्याबरोबर संध्याकाळभर नाचली होती. अख्खं गाव ते विसरलं. एक इलारी सोडून.

सावेताच्या आईचं घर पाडलं, तेव्हा तिथल्या भट्टीच्या जुन्या हिरव्या फरशा सावेताने गवतात गुंडाळून गाडीतून आणल्या. प्रत्येक फरशीवर एक हरीण. तशा फरशा आता कोणी भाजत नाही. त्या नव्या भट्टीला पुन्हा लावण्याची हिंमत एकट्या पाम्फिलची, म्हणून इलारीने दात खाऊन होकार दिला.

नवी भट्टी ओल्या मातीत बांधलेली असते. ती दमादमाने वाळवायची, नाहीतर तडकते. सकाळ-संध्याकाळ मूठभर काटक्यांचा जाळ, बस्स. माझ्या वर्गातल्या पोरांनाही हे ठाऊक असायचं. पाम्फिल मात्र हे सावेतालाच समजावत बसला आणि जाताना म्हणाला, "वाळेपर्यंत मी रोज येऊन बघून जाईन हं."

इलारीला काय ऐकू आलं असेल, ते सांगायला नको.

त्याच सुमारास सावेताची बहीण बाळंत झाली. काटक्यांची मोळी इलारीच्या हवाली करून सावेता तिच्या गावी गेली. दुसऱ्या दिवशी पाम्फिल दारात हजर.

"सावेता नाही? असू दे, असू दे. ती आली की येतो."

आणि शीळ घालत गेला.

इलारी दारातच उभा राहिला. भट्टी जितकी उशिरा वाळणार, तितक्या याच्या फेऱ्या होणार! त्याने मोळी लाथेने कोपऱ्यात सरकवली, भट्टीत बीच झाडाचे जाड ओंडके ठासून भरले आणि आग लावली. पहाटेपर्यंत भट्टी वरपासून खालपर्यंत तडकली होती. सांधे उघडले, एक फरशी दुभंगली. आधी तो घाबरला. मग त्याला वाटलं, बरंच झालं की! आता या माणसाला घरातून कायमचं काढता येईल.

सावेता परतली, तसा तो माझ्या कुंपणापाशी आला.

"बाई, चला जरा. मला नि पाम्फिलला तुम्हीच शिकवलंत, आता न्यायही तुम्हीच करा. पाम्फिलने आमच्या घराची वाट लावलीय."

मी गेले. पाम्फिल भट्टीपुढे उकिडवा बसला होता. सावेता त्या दुभंगलेल्या हरणावर हात ठेवून उभी होती.

"हे काम आहे का काम?" इलारी गरजला. "याच्यापेक्षा चिमण्या बरं घरटं बांधतात! पाडून टाका सगळं. मी पलीकडच्या गावातून माणूस आणतो."

"पाडलं तर फरशा फुटतील रे," सावेता म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "आईच्या आहेत. आणि हिवाळा तोंडावर आलाय." मग ती पाम्फिलकडे वळली. "तुझ्यावर विश्वास ठेवला मी. माझ्या नवऱ्याला तुझं नावही नको होतं, तरी माझ्या शब्दाखातर त्याने बिचाऱ्याने रोज काटक्या जाळल्या. आणि तू? पुन्हा या दाराशी येऊ नकोस."

इलारीला हवं होतं ते शब्दन् शब्द मिळालं. तरी त्याची मान खाली गेली.

पाम्फिलने कोपऱ्यातल्या मोळीकडे पाहिलं. जशीच्या तशी मोळी. मग इलारीकडे पाहिलं. मीही पाहिलं. वर्गात शाई सांडणाऱ्या मुलाचा चेहरा मला नवा नाही. पण अशा वेळी जरा थांबावं, म्हणून मी गप्प राहिले.

पाम्फिलने थापी पुसली, पिशवीत टाकली. "चुकलं असेल माझं, सावेता," तो हळूच म्हणाला. "त्याला काही बोलू नकोस."

"ए!" इलारी एकदम भडकला. "थांब! तू कोण मला वाचवणारा?"

"मी कुठे काय म्हणालो?"

"तेच तर! आरोप स्वतःवर घेऊन मोठा होतोस काय तिच्यासमोर? चालायचं नाही!" तो सावेताकडे वळला, कानापर्यंत लाल. "मी फोडली. ओंडके जाळले. हा रोज येऊ नये म्हणून. झालं समाधान?"

सावेताने आधी मोळीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"ईस्टरचा तो नाच?"

"हं."

"अरे गाढवा, इतकी वर्षं? संध्याकाळभर माझ्या पायावर पाय देत होता हा!"

"तेवढं सांगायची गरज होती का?" पाम्फिल कुरकुरला. मग त्याने टोपी काढली. "बाई, माझीही चूक आहे. समजवायचं होतं यालाही, पण मी मुद्दाम हिलाच समजावत बसलो. याचं तोंड लाल झालं की मला मजा यायची."

"मग दोघांनी मिळून निस्तरा," मी म्हणाले. "पाम्फिलने सांधे भरायचे, इलारीने माती तुडवायची."

दोघं विजारी दुमडून अंगणात माती तुडवायला लागले. दोघांनाही दुसऱ्यापेक्षा जास्त तुडवायची होती, त्यामुळे माती लोण्यासारखी झाली. भट्टी पाडावी लागली नाही. या वेळी पाम्फिलने जाळ किती घालायचा ते इलारीला सांगितलं, आणि स्वतः बोलावल्याशिवाय फिरकला नाही.

बर्फ पडल्यावर मी त्यांच्याकडे गेले. सावेता भट्टीला पाठ लावून डोळे मिटून बसली होती.

"बघा बाई," इलारी पुटपुटला, "दिवसभर भट्टीलाच चिकटलेली असते."

"मग भट्टीलाही हाकलतोस का?"

तो हसला नाही. उठून त्या दुभंगलेल्या हरणापाशी गेला आणि भेगेवरून बोट फिरवलं.

"बाकी सगळ्या भेगा पाम्फिलने भरल्या," तो म्हणाला. "ही भेग मात्र मी भरलीय. त्याला हात लावू दिला नाही."