चार झटके

घनसावंगीपासून दोन कोसांवरच्या त्या बौद्ध वस्तीत समुद्र पाहिलेला माणूस एकच, तातेराव. नौदलात सात वर्षं पाणबुड्या होता, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी उतरायचा, आणि एक दिवस पेन्शनीची वाट न बघता पेटी उचलून घरी आला. का आला, हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. लोकांनी दोन-चार महिने खोदून खोदून विचारलं, मग नाद सोडला. ज्याला सांगायचंच नाही त्याला विचारून विचारून किती विचारणार!

वस्तीची विहीर बहात्तरच्या दुष्काळात वस्तीतल्याच माणसांनी खणली होती. त्याआधी बाया घागरी घेऊन गावच्या विहिरीवर उभ्या राहत, आणि कुणाला दया आली तर वरून पाणी मिळे. त्यामुळे ही विहीर म्हणजे नुसतं पाणी नव्हतं. तिचा पहिला पोहरा वर आला तेव्हा तातेरावाचे चुलते अप्पाराव लेकरासारखे रडले होते.

त्याच विहिरीत सत्याहत्तरच्या चैत्रात काहीतरी बिघडलं. पूर्वेच्या कोपऱ्यात सोडलेला पोहरा वर येईना, हाती नुसता तुटका दोर येई. आठ दिवसांत पाच पोहरे गेले. मग शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून घागर भरणाऱ्या चांगुणाबाईच्या पोटरीला काहीतरी कडकडून चावलं, आणि बाया विहिरीकडे फिरकेनाशा झाल्या.

"मरळ मासा असंल, पिल्लं राखून राह्यली," अप्पाराव म्हणाले. "तातेराव, तू उतर बाबा. काल माही सून पुन्हा गावच्या हिरीवर जाऊन उभी राह्यली. ह्याच्यासाठी म्या पहार धरली व्हती का?"

तातेराव हातातल्या दोराचं टोक बघत होता. घासून तुटलेला दोर पिंजलेला असतो. हा सुरीने कापावा तसा सरळ तुटला होता. मग त्याने चांगुणाबाईची जखम पाहिली. अर्धगोल, माणसाच्या दातांसारख्या चपट्या खुणांची. मरळीचे दात असे नसतात, हे त्या वस्तीत दुसऱ्या कुणाला कळणार नव्हतं. तेवढीच, तशीच एक जुनी खूण त्याच्या उजव्या पोटरीवर होती.

लक्षद्वीपच्या पाण्यात, प्रवाळांच्या खडकांत, ताटाएवढा एक मासा घरटं करतो. घरट्यावरचं पाणी नरसाळ्यासारखं, खाली चिंचोळं आणि वर रुंद, सगळं त्याचं. नौदलातली पोरं त्याला ठाणेदार म्हणत. शिकवणारे उस्ताद बजावून सांगत, तो अंगावर आला तर वर पळू नका, जितके वर जाल तितके त्याच्याच हद्दीत राहाल, आडवे सरका. तातेरावाला हे तोंडपाठ होतं. पण ज्या दिवशी मासा खरोखर अंगावर आला, त्या दिवशी तो वरच पळाला. त्याच्या कमरेच्या दोराला जोडीदार बांधलेला होता, रत्नागिरीचा संपत, आणि संपतची टाकी खडकात अडकली होती. दोराला एक झटका म्हणजे 'बरा आहेस ना', चार म्हणजे 'मला वर ओढ'. चार झटके आले. मासा पोटरीला लटकलेला. पुन्हा चार आले. तातेरावाने सुरी काढली.

जबानीत त्याने सांगितलं, दोर खडकाला घासून तुटला. संपत सापडला नाही. त्यानंतर दाढी करताना आरशात बघायचीसुद्धा त्याला लाज वाटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वस्ती विहिरीवर जमली. तातेरावाने कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक बायकोच्या, केशरबाईच्या हातात दिलं.

"एक झटका आला तर तूबी एक दे. चार आले तर बिलकुल दम खायचा न्हाई, ओढायचं. कायबी झालं तरी सोडायचं न्हाई, केशर."

"तुमचा दोर म्या सोडीन व्हय?" ती हसून म्हणाली. त्याला तिच्याकडे बघवलं नाही.

छातीत दम भरून तो खाली गेला. पाणी हिरवं होतं, मग काळपट झालं, आणि पूर्वेच्या कोपऱ्यातून तो आला. ताटाएवढा, पिवळ्या कडांचा, माणसाचे दात विचकलेला. समुद्रापासून शंभर कोसांवर, गोड्या पाण्यात! तातेरावाचे पाय आपसूक वर झेपावू लागले. त्याने भिंतीला हात लावला आणि जिवाच्या करारावर आडवा सरकला. मासा थबकला, वळला, आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला. त्याच्याखाली पाचही पोहरे कुणी मांडून ठेवावेत तसे ओळीने बसले होते. तातेरावाने कमरेचा दोर सोडला, पाची कड्यांतून ओवला, गाठ मारली आणि भिंतीच्या कडेकडेने वर आला. माशाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पायरीवर बसून तो धापा टाकत राहिला.

"मरळच व्हती," तो खोटं बोलला. "पोहरे बांधलेत. ओढा आता."

"शाब्बास रे वाघा!" अप्पाराव ओरडले. बाया हसल्या. केशरबाईने दोराला हात घातला आणि तशीच थांबली.

"एक झटका आला."

"मासा असंल," अप्पाराव म्हणाले. पण तिला शिकवलं होतं तसा तिने एक परत दिला.

दोर ताठ झाला. सगळ्यांनी पाहिलं. एक, दोन, तीन, चार. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा चार.

"अहो, तुम्ही तर वर आल्ते," केशरबाई हलक्या आवाजात म्हणाली. "मंग आता कोणाला ओढायचं?"

तातेराव ओल्या अंगाने उठला, धडधड पायऱ्या चढला आणि तिच्या पुढे होऊन त्याने दोर धरला.

"तुला सांगितलं ना, सोडायचं न्हाई."

अप्पारावांनी मागून हात लावला. दोर हाता-हाताने वर येऊ लागला. पाच लोखंडी पोहरे एकमेकांवर आपटायला हवे होते. आवाज अजिबात नव्हता. भरल्या अंगाच्या माणसाचं वजन होतं, तरी दोर सोपा येत होता. खालून कुणीतरी भिंतीला पाय लावून मदत करत होतं.