‘आलोच’ म्हणणारे

संख्याशास्त्रात बीएस्सी झाल्यापासून मी तेर गावात घरी बसून चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी नाटकं वाचते. पुण्याच्या एका प्राध्यापकांना त्यांतला एकच शब्द हवा आहे: ‘अनॉन’. गिऱ्हाइकानं हाक मारली की खानावळीतला नोकर आतून हा शब्द ओरडतो. मूळ अर्थ ताबडतोब. पण म्हणणारे इतका उशीर करत गेले की अर्थच ‘थोड्या वेळानं’पर्यंत सरकला. प्रत्येक ठिकाणी माणूस खरंच आला का, आणि कधी, याची नोंद करणं हे माझं काम.

त्या आठवड्यात आमच्या बोअरची मोटार जळाली. बिरू मेकॅनिकनं ती नवं वाइंडिंग भरून आणली होती, बोअरमध्ये सोडायची तेवढी राहिली होती. वाफ्यातलं कांद्याचं रोप पिवळं पडत चाललं होतं. रोप गेलं की यंदाचा कांदा गेला.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, सकाळीच फोन लावला.

“बिरू, कुठंयस?”

“आलोच, अण्णा.”

“बरं. ये सावकाश.”

“सावकाश कशाला म्हणलाव?” आई म्हणाली.

“तसं म्हणायचं असतंय.”

“मग रोपालाबी सांगा, वाळ सावकाश म्हणून.”

दुपारी बिरू “आलोच, आलोच” म्हणाला. माझ्या नोंदींप्रमाणे शब्द दोनदा आला की माणूस जास्त उशिरा येतो. हे मी अण्णांना सांगितलं.

“ह्याला इंग्रजी कशाला लागतंय?” ते म्हणाले.

नोंदींत आणखी एक गोष्ट दिसत होती. तो नोकर बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो, दुसऱ्या गिऱ्हाइकाजवळ अडकलेला असतो. हाक मारणारा मात्र ते कधी विचारत नाही. मी फोन लावला.

“बिरूदादा, कधी येता ते सांगू नका. आत्ता कुणाकडं आहात?”



“योगीराजच्या बोअरवर, ताई. मोटार अर्ध्यात लोंबकळतीय. आमी दोघंच, पाइप पेलंना. बाकी माणसं सोयाबीनच्या काढणीला.”

“मग अण्णांना का नाही सांगितलं?”

“अण्णा सावकाश ये म्हणले की.”

आम्ही तिघंही योगीराजच्या रानात गेलो आणि पाइप धरला. त्याची मोटार खाली गेल्यावर बिरूबरोबर योगीराजही आमच्याकडं आला. आमची मोटार सोडून झाली. अण्णा पाणी वळवायला, दारं धरायला वाफ्याकडं गेले. बिरू स्टार्टरची जोडणी तपासत असताना त्याचा फोन वाजला.

“ताई, घ्या की. महांतप्पा असतील.”

“काय सांगू?”

“आलोच म्हणा.”

मी सांगितलं. महांतप्पांनी विचारलं, नक्की ना? त्यांचंही रोप वाळत होतं.

पाणी पाटाला लागलं होतं, वाफ्यात पोचायचं होतं.

“बिरूदादा आलेच,” मी म्हणाले, “आलेच.”